संकटाचा टप्पा

शस्त्रक्रियागृहाबाहेरच्या बाकावर, आयुष्यभर कथेची रचना शिकवून निवृत्त झालेले एक प्राध्यापक बसले होते. शेजारी खोक्यांचा एक तरुण कारखानदार आपल्या वहिनीला हातातला कागद समजावून सांगत होता.

"वहिनी, उद्या गुंतवणूकदारांपुढे बोलायचंय. कार्यशाळेत शिकवलंय, धंदा गोष्टीसारखा मांडायचा. आधी नायकाला साहसाची हाक, मग गुरू, मग संकट, शेवटी विजय."

"गुरू कोण, भाऊजी?"

"दादाच की! यंत्र त्यानंच शिकवलं मला."

"आणि संकट?"

"तेही दादाच. म्हणजे, आजचा अपघात. तुम्ही हो म्हणालात तरच हं."

"वाचा."

"'यंत्रात माझ्या भावाचा हात जखमी झाला. मी खचलो, पण थांबलो नाही.'"

"थांबला नाहीत, खरंय. यांना इकडे आणलं तरी तिकडे यंत्र चालूच."

"टोमणे नकोत हो."

"यात जाळी कुठाय?"

"कसली जाळी?"

"यंत्रात हात जाऊ नये म्हणून असते ती. माल भरभर निघावा म्हणून तुम्ही काढलीत. हे नको नको म्हणत होते."

"ते कुठल्याच टप्प्यात बसत नाही, वहिनी."

"बसवा. जाळीचं सांगणार असाल, तरच यांचं सांगा."

"बरं, लिहितो."

दार उघडून परिचारिका आली. "डॉक्टर म्हणतात, हात वाचणार नाही. मनगटापासून काढावा लागेल. इथं सही करा."

वहिनींनी सही केली आणि भिंतीकडे तोंड फिरवले. त्यांनी ठेवलेले पेन दिराने उचलले. प्राध्यापकांना कागद स्वच्छ दिसत होता; जाळीचा उल्लेख त्यावर अजून नव्हता. त्याने 'जखमी झाला' खोडले, वर 'कायमचा गेला' लिहिले आणि पेन टोपण लावून परिचारिकेला परत दिले.