माझा नकाशा चुकला आहे

जयभीम. नमस्कार. शीला मॅडमच्या या शोकसभेला बाळापूरहून, दर्यापूरहून आपण सगळे आलात. समोर मॅडमचे भाऊ, प्रकाशदादा बसले आहेत. दादा, तुमच्यासमोर उभं राहून बोलणं जड जातंय. पण बोलणार आहे.

शीला वानखडे मॅडमनी मला इथेच, अमरावतीत, भूगर्भशास्त्र शिकवलं. पुढे चार उन्हाळे मी त्यांच्यासोबत उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांवर होते. काम एकच. चालायचं. कुठला दगड कुठे संपतो, कुठला कुणावर बसतो, ते पाहायचं आणि नकाशावर उतरवायचं.

आमचा पहिला नकाशा छापून आला. मॅडमचा सत्कार झाला. पुढच्याच उन्हाळ्यात त्या एका कड्यापाशी थांबल्या. जुना दगड वर होता, नवा खाली. आम्ही तर नकाशात थर साध्या क्रमाने, जुना खाली आणि नवा वर, असे दाखवले होते. पण फार पूर्वी ग्रीनलँड या भूमीला रेटत, घासत सरकलं. त्या रेट्याने जुना थर नव्यावर चढला होता. आम्हाला तो चढलेला थर दिसलाच नव्हता.

मी म्हटलं, "मॅडम, नकाशा छापून झाला. इथे कोण येतं पाहायला?"

त्या म्हणाल्या, "मी आली ना पाहाले."

गुडघा सुजला होता. तरी तीन दिवस त्या कड्यावर चढल्या. परत येऊन त्यांनी स्वतः छापणाऱ्यांना पत्र लिहिलं: माझा नकाशा चुकला आहे. सत्कार करणारेच मग कुजबुजले. मॅडमनी ऐकलं, आणि नवा कागद घेतला.

तो अर्धा झाला, आणि आजाराने त्यांना गाठलं. गेल्या महिन्यात दवाखान्यात त्यांनी आपल्या डायऱ्या माझ्या हातात दिल्या.

"उत्तरेकडची दरी राह्यली. तू जाशीन?"

"एकटी कशी जाऊ मॅडम?"

"रडून कायले राहिली? माह्या वर्गातल्या दोघी पोरी घेऊन जाय. अन् माही रेघ चुकली दिसली, तर खोडजो."

मी हो म्हटलं.

दादा, काल तुम्ही विचारलं, आता त्या नकाशाचं काय? सांगते. जुलैत आम्ही तिघी जातोय. परवानगी मिळाली आहे. धुकं असेल तर थांबू. एक उन्हाळा पुरला नाही तर दुसऱ्यांदा जाऊ. पण ती दरी आम्ही पायी पूर्ण करू.

आता आपण उभे राहू या. दोन मिनिटं कुणी काही बोलू नये. शीला मॅडमना आपली आदरांजली.