मंडी कशी आहे?

...आणि तो लवकर उडतच नाही हो. एवढा मोठा पडदा, एवढा निळा घट्ट पोशाख (शिवण मात्र सुरेख, काखेत एक चुणी नाही) आणि माणूस काय करतोय, तर लिफ्टमध्ये उभा राहून बाकीच्यांच्या तोंडाकडे बघतोय. तुम्हाला सांगते, मी उडणारा माणूस बघायला गेले होते. सून म्हणाली, "आई, चला ना, सुपरहिरोचा आहे, मजा येईल." कसली मजा? घरी आल्यावर मी दाराची कडी पुन्हा एकदा ओढून बघितली.

सून म्हणजे आभा. पुण्याची आहे, हूटगळ्ळीला कंपनीत जाते, स्वच्छ मराठी बोलते. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरचे शिंपी, आमच्या घरातल्या मराठीत निम्मं कन्नड. ती बिचारी सांभाळून घेते.

तर सिनेमात मारामारी कमी आणि मीटिंगाच जास्त. सरकारचं कसलं तरी खातं, काचेची इमारत, सगळे कोट घातलेले, सगळे हळू बोलणारे. त्यांना शहरावर डोळा ठेवणारं एक यंत्र बसवायचंय. कशाला, तर लोकांच्याच भल्यासाठी. जो तो हिरोला कॉफी विचारतो, पाठीवरून हात फिरवतो, आणि तो भोळा, गोळी हातात धरणारा पण माणूस न ओळखणारा, कॉफी पितो. मग त्याचा म्हातारा गुरू मरायला टेकतो आणि सांगतो... कन्नड डब होता ना सिनेमा... सांगतो, "यारन्नू नंबबेड." कुणावर विश्वास ठेवू नकोस. "अवरु मेले इद्दारे."

आभानं माझा हात घट्ट धरला. "आई, कोण मेले?"

म्हटलं, "अगं, कुणी मेलं नाही अजून. कन्नडात मेले म्हणजे वर. ते लोक वर बसलेत, खात्याच्या वरच्या मजल्यावर."

सांगितलं खरं, पण पुढचा सिनेमा मला नीट दिसलाच नाही. कारण वरचा मजला म्हटलं की मला एकच दिसतो, आमच्या समाजाच्या सभाभवनाचा. तिथे माझा शिवणाचा क्लास चालतो. पूर्वेला मोठी खिडकी, सुईत दोरा ओवायला दिवा लावावा लागत नाही. नंजनगूडहून पावनी येते, बसमध्ये उभी राहून, कडेवर पोर घेऊन. परवाच तिला बाही लावायला जमलं. तिनं ती बाही खिडकीत धरली आणि नुसती बघत बसली. अशा बायका येतात. आणि दसऱ्यापासून कुजबुज होती की कमिटीला तिथे साखरपुड्यांसाठी एसी हॉल करायचाय. पण मी निश्चिंत होते, कारण आमचे हे, रंगराव, कमिटीतच आहेत. घरचा माणूस आत असताना भीती कसली?

सिनेमातल्या हिरोलाही तसंच वाटलं होतं. यारन्नू नंबबेड.

आणि दुसऱ्याच दिवशी कमिटीचे अध्यक्ष जगन्नाथराव घरी आले. आपणहून. एरवी हा माणूस देवाच्या पालखीलासुद्धा बोलावल्याशिवाय येत नाही. बसले, कॉफी घेतली, साखर बरोबर आहे म्हणाले. मग अगदी मऊ आवाजात, "अक्का, मंडी कशी आहे आता?"

आमचं दुकान मंडी मोहल्ल्यात. घरात आम्ही दुकानाला मंडीच म्हणतो. हे मंडीला गेले, मंडीतून आले. मी म्हटलं, "काय सांगू राव, पहिल्यासारखी राहिली नाही. दुपारनंतर तर अगदीच थंड."

त्यांनी मान डोलावली, फार वाईट वाटल्यासारखी. "वय झालं की असं होतंच."

मला वाटलं, खरंच की, जुनं दुकान आहे.

शनिवारी देवळात गेले, तर भटजी तीर्थ देता देता म्हणतात, "सरस्वतीबाई, मंडीला तेल लावत जा." मी म्हटलं, "हे लावतात की दर आठवड्याला, मशीनच्या तेलाची बाटली असते ना." भटजी माझ्याकडे बघत राहिले. पळीतलं तीर्थ त्यांच्या धोतरावर. मग जगन्नाथरावांची बायको बाजारात भेटली, तिनं माझी पिशवी स्वतःच्या हातात घेतली आणि कानाशी येऊन, "मंडीवर जास्त भार नको हां अक्का."

आता तुम्हीच सांगा, मला काय वाटावं? सिनेमात अगदी असंच. सगळे गोड, सगळ्यांच्या तोंडात एकच शब्द, आणि तो शब्द म्हणजे खूण. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला: ह्यांचा डोळा क्लासवर नाहीच मुळी, दुकानावर आहे! क्लासची कुजबुज सुम्ने, उगीच, मला फसवायला. आभाला सांगितलं. ती म्हणाली, "आई, तुम्ही तो सिनेमा फार मनावर घेतलाय." म्हटलं, हिरोलाही त्याच्या मैत्रिणीनं हेच सांगितलं होतं. यारन्नू नंबबेड.

रविवारी कमिटीची मीटिंग. हे टोपी घालून निघाले. म्हटलं, "तुम्ही जा, मी मंडीत बसते. मंडी सोडायची नाही आता." ह्यांनी माझ्याकडे इतक्या मायेनं बघितलं... म्हणाले, "बस, बस. पाय वर घेऊन बस."

मी बसले. गल्ल्यामागे, मोठी कात्री मांडीवर ठेवून, येईल त्याच्याकडे रोखून बघत. एक गिऱ्हाईक पँट आखूड करायला आलं होतं, ते पँट न देताच गेलं.

आता सिनेमात काय झालं होतं ते ऐका. हिरो पुलावर राखण करत उभा, आणि तिकडे काचेच्या इमारतीत सगळ्यांनी हात वर करून ठराव पास. मला हे पाठ होतं हो. बघितलं होतं, पैसे देऊन बघितलं होतं.

सोमवारी क्लासला गेले, तर वर दाराला नवं कुलूप. मशिनी खाली, जिन्याच्या पोटात, चपलांच्या रॅकशेजारी. तिथे दुपारीसुद्धा अंधार असतो. आणि जगन्नाथराव हात जोडून उभे. "अक्का, तुमच्यासाठीच केलं सगळं. तुम्हीच म्हणालात ना, मंडी पहिल्यासारखी राहिली नाही. अशा मंडीनं जिना चढायचा म्हणजे..."

आणि त्यांनी वाकून स्वतःच्या गुडघ्याला हात लावला.

मंडी. अय्यो, कन्नडात मंडी म्हणजे गुडघा. जन्म गेला माझा ह्या गावात, पोरं पडली की मीच म्हणते, मंडी फुटली का रे. आणि सगळं गाव माझ्या गुडघ्यांची चौकशी करत होतं आणि मी त्यांना दुकानाची हकिकत सांगत होते. दुपारनंतर थंड, म्हणे.

घरी येऊन ह्यांना विचारलं, "तुम्हीही हात वर केलात?"

"सगळ्यांनी केला, मी एकटा खाली कसा ठेवू? शिवाय तुझे गुडघे..."

"माझे गुडघे कधी दुखले? एका घरात राहतो आपण."

हे ताटाकडे बघत म्हणाले, "मला वाटलं, मला सांगितलं नसशील. जगन्नाथरावांना सांगितलंस म्हणाले, मला जरा वाईटच वाटलं."

मी ताक वाढलं. सिनेमात शेवटी तो निळा माणूस हात वर करतो आणि एकदाचा उडतो. ह्यांनी हात वर केला आणि माझा क्लास उडाला.

आणि आज पावनीचा फोन. बसच्या खडखडाटात ओरडून विचारतेय, "अक्का, क्लास मेलेना?" वरच आहे ना, असं. माझ्या तोंडून मराठीच निघून गेलं. "मेला गं पोरी, मेला."

"सरि अक्का, मेले बर्तीनि." बरं, वरच येते म्हणाली आणि फोन ठेवला.

आता ती कडेवर पोर घेऊन वर चढणार, कुलपासमोर उभी राहणार, आणि तिला खाली आणायला मलाच तो सगळा जिना चढून जावं लागणार. जाते. पण तुम्हाला म्हणून सांगते, कमिटीतल्या कुणाला कळू देऊ नका... आज सकाळपासून मंडी खरंच दुखतेय.