बुजगावण्याचा स्वेटर

हसायचं तर हसा, पण चहा खाली ठेवून ऐका. यंदा आमच्या कळंबला काय थंडी पडली माहितीये ना? सकाळी धुकं असं, की समोरून कोण येतंय ते खोकल्यावरून ओळखायचं. तसाच शेतात वालाच्या शेंगा तोडायला गेलो. दवानं पायजमा गुडघ्यापर्यंत चिंब. बघतो तर बुजगावण्याच्या अंगावर बाबांचा स्वेटर! बाबा जाऊन वर्ष होत आलं. आईनं काय हे भलतंच केलं, म्हणून रागानं काढायला गेलो आणि हात मागे घेतला. बुजगावण्याचं डोकं, हातातला पेंढा, सगळं ओलंगच्च. स्वेटर मात्र कोरडा होता. आणि गरम, आत्ताच कुणी अंगातून काढल्यासारखा.

तो घेऊन मी घरी पळालो. आई चुलीपाशी बसली होती.

"आई, हा तू घातलास त्याला?"

"मीच रं. रोज रातचा शेताकडनं ह्यांचा खोकला ऐकू यायचा. काल स्वेटर घातला, तर आवाज नाय." मग माझ्या हाताकडे बघून म्हणाली, "काढून कशाला आणलास? आता ते काय घालतील?"

मी परत गेलो, बुजगावण्याला स्वेटर चढवला, आणि वरून माझी कानटोपी.