सहा वाजता, अगदी जवळ!

दुपारी बरोबर एक वाजून दहा मिनिटांनी माझ्या सासूबाईंनी माझं घड्याळ काढून घेतलं, तिथून हे सगळं सुरू झालं, आणि वर वेंधळी म्हणतात ती मलाच! तुम्हाला सांगते, बोदिल म्हणजे आमच्या सासूबाई, स्वतःची सत्तरी साजरी करायला मला आणि चार वर्षांच्या आस्ताला जहाजाच्या सफरीवर घेऊन निघाल्या. नवरा गाईंच्या धारांपायी डेन्मार्कातच राहिला, सुटला बिचारा! आइसलँडात आकुरेरीच्या धक्क्याला लागलो तशा म्हणाल्या, "माइकन, आज देवमासे बघायचे. पोरीला ठेव जहाजातल्या पाळणाघरात. आणि घड्याळ दे, फोन दे, नाहीतर दर पाच मिनिटांनी विचारत बसशील, आस्ताला शी झाली का!"

दिलं बाई. पण जीव? तो जहाजातच! कारण जहाज सहाला सुटणार, आणि जहाज थांबत नसतं हो कुणासाठी! आदल्या बंदरात एक जोडपं धापा टाकत आलं, तर चढायची फळी उचललेली... वरून सगळं जहाज टाळ्या पिटतंय, रुमाल हलवतंय, आणि सगळ्यांत जोरात टाळ्या कुणाच्या? आमच्या बोदिलबाईंच्या!

तर छोट्या बोटीत चढलो, नारिंगी झबली चढवली, बोट धक्का सोडते न सोडते तोच माझं तोंड ओकायच्या पिशवीत. देवमासे दाखवणाऱ्या पोरीचं नाव ह्रेफ्ना. अहो, तिकडे एका जातीच्या देवमाशालाच ह्रेफ्ना म्हणतात, आईबापांनी काय बघून ठेवलं असेल? ती म्हणे सुरुवातीला सगळं नीट समजावत होती. मला कुठलं ऐकू येतंय? पिशवीत समुद्राहून मोठा आवाज चालला होता!

एकदम ती ओरडली, "तीन वाजता! तीन वाजता!" सगळे उजवीकडे पळाले. मी म्हटलं, तीन? इतक्यात? पुन्हा पिशवीत. जरा वेळानं, "पाच वाजता!" अगं आई, पाच? आत्ता तर तीन झाले होते! सूर्याकडे बघावं, तर तो आइसलँडचा जूनमधला सूर्य, जेवतानाही डोक्यावर आणि झोपतानाही डोळ्यांवर, त्याला काय विचारायचं? आणि लगेच, "सहा वाजता! अगदी जवळ! सहा वाजता!"

सहा! आणि माझी आस्ता तिकडे! जहाज थांबत नसतं हो कुणासाठी!

पिशवी टाकली, कुणाच्या बुटांवर पडली देव जाणे, कप्तानाची बाही धरली, आणि बंदराकडे हात करून किंचाळले, "माझी पोर! माझी पोर गेली!" आता बंदराच्या आणि आमच्या मध्ये काय? पाणी! त्या माणसाला वाटलं पोर बुडाली. भोंगा काय, धावपळ काय, एका खलाशानं रबरी कडं भिरकावलं, ते थेट आमच्या मागे वर आलेल्या देवमाशाच्या डोक्यावर! गोठ्याएवढं डोकं! त्यानं एक उसासा सोडला, सडक्या मासळीच्या वासाचा, आणि गेला खाली... तो गेलाच.

बोटभर माणसं माझ्याकडे बघतायत. एक जर्मन आजोबा रडकुंडीला, "चौथ्यांदा आलो मी! देवमासा दिसला नाही, ही दिसली!"

ह्रेफ्ना हळूच म्हणाली, "ताई, बोटीचं नाक म्हणजे बारा, शेपटी म्हणजे सहा. तो मागे होता. घड्याळात अजून अडीचही नाही झाले."

आणि बोदिलबाई? शेजारणीला सांगतायत, "छे हो, मी नाही ओळखत हिला."

त्यानंतर एक देवमासा फिरकला नाही, त्यांच्यातही निरोप गेला असणार. हल्ली जहाजावर मी जेवायला शिरले की कुणीतरी ओरडतं, "सहा वाजता!" आणि अख्खं जेवणघर मागे वळून बघतं. बघू देत! मी त्या दिवशी साडेचारलाच जहाजावर परतले होते, पाळणाघराकडे धावत सुटले, हात पसरले, "आस्ता, आले गं बाळा!"

तर पोर भोकाड पसरून, "अजून सहा नाही वाजले! आजी म्हणाली आई सहाला! तू जा!"

बसले मग दाराबाहेर, बाहुलीच्या खुर्चीवर, सहापर्यंत.

तेव्हा तुमच्यापैकी कुणाची लेकबाळ देवमासे बघायला निघाली असेल, तर तिला माझा एवढा निरोप द्या, की बाई, घड्याळ सासूच्या हातात देऊ नकोस. आणि दिलंसच, तर विसर ते. माझं अजून त्यांच्याच मनगटावर आहे... शोभतंय म्हणे!