दोन्ही गुळंबच, असं मी सांगितलं

माझं माहेर अंजूरचं, सासर वडप्याचं. शाळा चौथीपर्यंत झाली आणि बोलायची मला पहिल्यापासून भीती, चारचौघांत तोंडच उघडत नाही. सासूबाई हाडं बसवायच्या, त्यांच्यानंतर मी. आधी गावातलीच माणसं ओटीवर यायची, आता गोडाऊनचे हमाल येतात, मावशी जरा देख लो म्हणतात. मेंदा म्हणून झाड असतं, लेप त्याच्या सालीचा. साल वाटली की भेंडीसारखी बुळबुळते, वाळली की हाडाला घट्ट धरते. सासूबाईंचं एकच सांगणं, औषधाच्या झाडाचं नाव बाहेरच्याला सांगायचं न्हाय, सांगितलं की गुण जातो. आणि साल एका अंगानेच काढायची, गोल सोलली की झाड गेलं.

दिराच्या शेतात दोन झाडं, ओहोळाकडे गुळंब आणि बांधावर मेंदा. दोन्ही एकाच कुळातली, चुलत बहिणी म्हणा. गुळंबाची सालही बुळबुळते, पण त्याचं पान मोठं, फळ बोराएवढं. मेंद्याची फळं मिरीसारखी, घोसाने येतात. लेपाला आम्ही मेंदाच घेतो.

दिराने शेत गोडाऊनला विकलं, मग कोणती झाडं तोडायची ते ठरवायला, झाडं मोजायला कचेरीतले साहेब आले. हे कोणतं झाड, त्यांनी विचारलं. दीर म्हणाला, वहिनीला विचारा, ते खातं तिचं हाय. काय सांगू तुम्हाला, ओहोळाकडचं गुळंब म्हणून सांगितलं, आणि बांधावरचं विचारलं तेव्हाही तोंडातून तेच निघालं, तेपण गुळंबच. साहेबांनी लिहून घेतलं, खाली माझी सही घेतली. मला आपलं वाटलं, सासूबाईंचं ऐकलं, औषधाच्या झाडाचं नाव बाहेर जाऊ दिलं नाही.

पुढे कळलं, एकाच जातीची दोन झाडं आहेत तर एक ठेवा, दुसरं तोडा, असा कागद आला. बांधावरच्या मेंद्यावर लाल फुली पडली.

दिराची मुलगी मनीषा कॉलेजात झाडांचंच शिकते. दोन्हीकडची पानं हातात घेऊन म्हणाली, काकी, ही वेगळी हायत ना गं. मग सांगायला लागली, गुळंबही कमी झालाय, पण डोंगराकडे अजून भेटतो. मेंद्याला अगरबत्तीवाले आणि औषधवाले मुळापर्यंत सोलतात, म्हणून तो जागोजागी संपत चाललाय. तरी कोणतं झाड संपत चाललंय त्याची जगाची यादी असते, तिच्यात त्याला धोका न्हाय लिहिलंय, कारण तो लांबलांबच्या देशांत हाय. मी म्हटलं, मग साल आणायला विमानाने जाऊ का? ती हसली खरी, पण या शिवारात हा एकच उरलाय, हे तिलाही ठाऊक.

दुसऱ्या दिवशी मी कचेरीत गेले. चार पुरुषांसमोर नाव घेतलं, मेंदा. साहेब म्हणाले, बाई, तेव्हा गुळंब, आता मेंदा, उद्या आंबा म्हणाल, सही तुमचीच आहे ना? बाकीचे हसले. मग म्हणाले, अर्ज द्या. तिथेच बाकावर बसून लिहिला, चूक माझी आहे, झाडाची नाही, असं लिहिलं.

उत्तर अजून नाही. दीर म्हणतो, सोमवारी झाड कापायला कटरवाला येणार, मी काय करू वहिनी, जागा आता माझी न्हाय. मी कुणाला दोष देत नाही. झाड तोडायला येणारा कुणाचा तरी लेक असेल, देव त्याचे हातपाय धड ठेवो. काही झालंच तर तो माझ्याच ओटीवर येईल, आणि माझ्याकडे त्याला लावायला काही नसेल.