वरच्या मजल्याचे नवे कुलूप

मी, वय सत्तावीस वर्षे, धंदा श्रवणयंत्रांची दुरुस्ती, राहणार वरचा मजला. घरमालक खाली राहतात तेच घर. "'सध्या राहणार' असं लिहू का?" असे पोलीस ठाण्यातील अंमलदारांनी विचारले. "राहणार" एवढेच लिहावे, असे मी सांगितले.

समक्ष विचारल्यावरून सांगते की,

१. आज मंगळवारी सकाळी मी दाराचे लॅच ओढून कामावर गेले.

२. संध्याकाळी परत आले तेव्हा माझी चावी कुलपात जाईना. कुलूप नवे होते.

३. मला नोटीस मिळालेली नव्हती, लेखी नाही आणि तोंडीही नाही. कोर्टाचा हुकूम नाही. भाडे थकलेले नाही; हे घरमालकांनाही मान्य आहे.

४. खोलीत माझे सामान होते आणि घरमालकांच्या आई होत्या. दुसऱ्या गोष्टीची घरमालकांना कल्पना नव्हती.

मी त्यांच्या आईला डांबून ठेवले, अशी तक्रार घरमालकांनी दिली आहे. म्हणून चौथा मुद्दा सविस्तर सांगते.

घरमालकांना मी काका म्हणते, त्यांच्या आईंना आजी. आजींची खाट खाली बैठकीत आहे आणि दुपारी तिथे काकांचे मित्र पत्ते खेळतात. त्यामुळे आजी माझ्या खोलीत झोपतात. जादा चावी त्यांच्याकडे असते. काकूंना हे माहीत आहे. काकांनी कधी विचारले नाही. माझा पलंग कपाटाच्या आडोशाला आहे. दारातून दिसत नाही.

आजींचे श्रवणयंत्र बरेच महिने बंद होते. "या वयात ऐकून काय करायचंय," असे काकांचे मत होते. मागच्या महिन्यात मी ते दुरुस्त केले. आजी म्हणाल्या, "खाली सांगू नकोस हं. मी बहिरी म्हणून सगळे मोकळेपणाने बोलतात. टीव्हीपेक्षा बरं चाललंय." मी सांगितले नाही. ग्राहकाची माहिती मी कोणालाच देत नाही.

आज मी खाली जाऊन चावी मागितली. काका म्हणाले, "खोली भाच्याला दिली. पुढच्या आठवड्यात सामान घेऊन जा."

"निदान नोटीस तरी द्यायची, काका."

"नोटीस? माझ्याच घराला कुलूप लावायला तुझ्याकडे अर्ज करू? होईल कुठेतरी सोय. मैत्रिणी असतीलच की."



तेवढ्यात काकू बाहेर आल्या. "अहो, सासूबाई अजून वरून उतरल्या नाहीत."

"वरून म्हणजे?"

"रोज झोपायला जातात ना हिच्याकडे."

काका धावतच वर गेले, मी मागून. नवी चावी फिरली, दार उघडले नाही. आतून कडी होती.

"आई! दार उघड!"

"कोण?"

"मी!"

"कुलूप बदलणारा का? दुपारी येऊन गेलास की."

काकांनी माझ्याकडे पाहिले. "हिला ऐकू येतं?"

"स्पष्ट येतं," आतून उत्तर आले. "'पोरगी एकटी आहे, दोन दिवस रडेल आणि जाईल,' हेसुद्धा आलं. त्या कुलूपवाल्याला सांगत होतास. तो गप्प होता बिचारा. शिक जरा त्याच्याकडून."

"अगं, लोक काय म्हणतील?"

"ऐकून सांगते तुला."

काकांनी दाराला खांदा लावून पाहिला. दार मजबूत आहे, खांदा तितका नाही. मग ते तक्रार द्यायला इकडे आले.

ते गेल्यावर आजींनी मला दार उघडले. कुलूपवाल्याच्या ड्रिलने पलंग हादरला, जाग आली, म्हणून यंत्र कानात घातले आणि दोघे गेल्यावर कडी लावली, असे त्यांनी सांगितले. कुलूप आजच बदलणार हे त्यांनी आधी ऐकले होते का, असे मी विचारले. "वय झालं गं, आठवत नाही," असे त्या म्हणाल्या. यावर माझे काही मत नाही.

आजींना कोणी डांबलेले नाही. मी त्यांना खाली सोडायला तयार होते. त्या म्हणाल्या, "मी उतरले की तो तुझं सामान बाहेर काढेल. तू जा, काय सांगायचं ते सांगून ये. मी बसते." मी बाहेर पडल्यावर कडी पुन्हा लागली. त्यांचे गुडघे दुखतात. त्या असे किती बसतील सांगता येत नाही आणि त्यांनी बसावे असेही नाही. त्या उतरल्या की मी बाहेर, अशी सध्याची स्थिती आहे.

"घरगुती मामला आहे, गोडीगुलाबीने मिटवा," असे अंमलदारांनी सुचवले. ते वाक्यही इथे लिहून घ्यावे, अशी मी विनंती केली. लिहून घेतले आहे.

हे सर्व मला वाचून दाखवले. "भाडेकरू रडू लागली" असे एक वाक्य त्यात आले होते. तसे घडलेले नसल्याने ते खोडायला लावले. बाकी मजकूर मी सांगितला तसाच आहे, म्हणून सही करते.

नव्या कुलपाची चावी मला मिळणार की नाही, आणि नोटीस व कोर्टाचा हुकूम नसताना राहत्या खोलीचे कुलूप बदलता येते का, याचे लेखी उत्तर येत्या शुक्रवारी संध्याकाळपर्यंत द्यावे. उत्तर वरच्या मजल्यावर पाठवावे. मी तिथे राहते.