लाल पट्टा, पिवळा पट्टा आणि खेकडा

...दोन्ही चांगले आहेत म्हणे! ऐकलंत? मी त्या दुकानात उभा, एका हातात लाल पट्ट्याचा कॅमेरा, दुसऱ्या हातात पिवळ्या पट्ट्याचा, मनगटं भरून आलेली, मघापासून मी प्रश्नावर प्रश्न विचारतोय, आणि तो त्सुजी नावाचा विक्रेता कमरेत वाकून, चेहऱ्यावरची रेष न हलू देता मला सांगतो, 'साहेब, दोन्ही आपापल्या जागी उत्तम आहेत.' आपापल्या जागी! अहो, असलं उत्तर मी मंत्र्याच्या प्रवक्त्याकडूनसुद्धा घेतलं नाही! पुलाचा खांब खचला तेव्हा बांधकाम कंपनीचा अध्यक्ष टेबलाला कपाळ टेकवून माफी मागत होता, आणि त्याने मान वर करायच्या आत मी विचारलं होतं, 'माफी नक्की कोणत्या खांबाबद्दल?' तर तो मी, ओसाकाच्या पेपरात उभी हयात घालवलेला दोमोतो, आणि हा मला सांगतो, दोन्ही चांगले!

कंपन्यांची नावं घेत नाही. दोघांच्याही जाहिराती आमच्या पेपरात यायच्या, सवय जात नाही. लाल आणि पिवळा, एवढं पुरे.

आता तुम्ही म्हणाल, या वयात तुला कॅमेरा कशाला? तुम्हाला सांगतो. आमचा हिराबायाशी गेला. क्राइमची पानं बघायचा, वाघ माणूस, पोलीस आयुक्तसुद्धा त्याला बघून जिना बदलायचे. त्याच्या अंत्यविधीला गेलो, उदबत्ती लावली, हात जोडले, मान वर करून फोटोकडे बघतो तर काय... फुलांच्या मधोमध काळ्या सुटातला हिराबायाशी, डोळे अर्धे मिटलेले, गाल लाल, आणि खांद्यावर एक हात! कोणाचा? माहीत नाही! ऑफिसच्या सहलीतल्या घोळक्यातून त्याचं डोकं कापून काढलेलं, अंगातला युकाता, तो हॉटेलात देतात तो सुती झगा, पुसून कॉम्प्युटरवर सूट चढवलेला, सगळं व्यवस्थित, आणि तो हात पुसायचा राहिला. नखं रंगवलेली! भिक्षू आपला सूत्रपठण करतोय आणि हिराबायाशीची बायको फोटोकडे बघतेय. नवऱ्याकडे नाही हो, त्या हाताकडे!

परत येताना ट्राममध्ये आमच्या सौ., हात्सुए, मला म्हणाली, "अहो, तुमचा कोणता लावायचा?" म्हटलं, "काय?" तर म्हणे, "फोटो हो. आपण ज्या अंत्यविधीवाल्यांचे सभासद आहोत ना, ते आधीच मागून ठेवतात, महिनाअखेर द्यायचाय. माझा मी मागच्याच वर्षी दिला." घ्या! हिने स्वतःचा दिलासुद्धा! मला म्हणाली नाही की मी चालले, तुम्ही येताय का! म्हटलं, "माझा दे की एखादा." म्हणाली, "एखादाच आहे. खेकडावाला."

खेकडावाला! तुम्हाला सांगतो, बातमीदाराचा फोटो कधी नसतो. असते ती पाठ. ओसाकातल्या कुठल्याही जुन्या पत्रकार परिषदेचा फोटो काढा, समोर माफी मागणारी माणसं आणि पुढल्या रांगेत एक टक्कल. ते माझं. समोरून असा आख्ख्या घरात एकच, आम्ही दोघं थंडीत किनोसाकीला गेलो होतो, गरम पाण्याच्या झऱ्यांवर, तिथला. अंगात हॉटेलचा युकाता, डोक्यावर टॉवेलची घडी, हातात खेकड्याची तंगडी. ही माझी शोभा! आयुष्यभर लोकांचे मुखवटे ओढले आणि शेवटी फुलांत कोण? तर तंगडीवाला! म्हटलं, "अगं, तो लावलास तर उठून बसेन." म्हणाली, "मग दुसरा आणा. नाहीतर महिनाअखेर खेकडा जाईल."

स्टुडिओत जा म्हणाल. गेलो होतो! त्याने आधी गालाला पावडर लावली, मग म्हणाला, 'आजोबा, हसा.' म्हटलं, का? म्हणाला, 'सुरकुत्या नंतर पुसून देतो.' माझ्या? मी कमावलेल्या? एकेक सुरकुतीमागे एकेक घोटाळा आहे, बाबा! उठलो आणि आलो. तिथेच ठरवलं, आपला कॅमेरा घ्यायचा, चांगला, लेन्स बदलता येणारा, सौ. फोटो काढेल, घरातल्या उजेडात, खरा चेहरा, तोंड मिटलेलं, नजर सरळ. आता कॅमेरा कोणता? मला काय कळतं त्यातलं? पण एक कळतं. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय बातमी नाही!

आणि इथेच, तुम्हाला सांगतो, इथेच माती खाल्ली.

आमच्या पेपरात दोन छायाचित्रकार होते. निवा लालवाला, कुरामोची पिवळावाला. दोघंही आता घरी बसलेले, पण पट्टे गळ्यातून निघालेले नाहीत. आधी निवाला फोन केला. त्याचा आवाज म्हणजे बंदरावरचा भोंगा. "दोमोतो! लाल घे! विचार करू नकोस! माणसाची कातडी कातडीसारखी दिसली पाहिजे ना? लालमध्ये तू जिवंत दिसशील!" म्हटलं, "अरे, पण मी तेव्हा जिवंत नसणार." म्हणाला, "मग तर लालच घे!"

मग कुरामोचीला फोन. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय बातमी नाही! हा कुजबुजतो. सात-आठ नातवंडांचा आजोबा, पण फोनवर असा बोलतो की पलीकडे सरकार कोसळतंय. "दोमोतो... कोणी ऐकत नाहीये ना? निवाने सांगितलंय ते विसर. लाल गोड बोलतो. पिवळा खरं बोलतो. तू कोण? खरं बोलणारा. बस. आणि लक्षात ठेव, कॅमेरा म्हणजे नवरा, लेन्स म्हणजे सासर. एकदा घरात शिरलास की सुटका नाही." म्हटलं, "मला एकच फोटो काढायचाय रे." तर म्हणाला, "सगळे असंच म्हणतात."

यांचं वैर असं की, ऐका, लालची लेन्स एका बाजूला फिरवायची आणि पिवळ्याची बरोब्बर उलट. इतकी वर्षं फिरवून हातांना तेवढंच कळतं. एकदा पुराच्या वेळी घाईत दोघांनी एकमेकांच्या बॅगा उचलल्या. दोघंही होडीत बसून गेले, दोघंही छपराछपरांवरून हिंडले, दोघंही लेन्स उलटी फिरवत, शिव्या घालत बसले, आणि पहिल्या पानावर आम्हाला नदीचा नकाशा छापावा लागला! आणि त्या दोघांना मी विचारतोय, निष्पक्ष मत द्या!

मग आम्ही निघालो दुकानात. आम्ही म्हणजे मी आणि सौ., ती थेट मंडईतून आलेली, पिशवीतून हाताएवढा मुळा डोकावतोय. आणि त्सुजी समोर. म्हटलं, "याच्या फोटोत ठिपके किती, ते मेगापिक्सेल?" म्हणाला, "पुरेसे, साहेब." "त्याचे?" "तेही पुरेसे." "मग कमी कोणाचे?" "कमी म्हणण्यासारखे कोणाचेच नाहीत." बघा! बघा कसा निसटतोय! "याचा आवाज 'चक' येतो आणि त्याचा 'खटाक', हे का?" म्हणाला, "काहींना चक आवडतो, काहींना खटाक." म्हटलं, "तुमच्या घरी कोणता आहे?" आता चाळीस वर्षांचा अनुभव आहे हो, या प्रश्नाला माणसाला घाम फुटतो! तर तो दोन मिनिटं छताकडे बघून म्हणाला, "साहेब, घरी बायको फोनवर काढते."

एवढ्यात सौ. म्हणाली, "अहो, यांना किती छळता? काढूनच बघू की." त्सुजीचा चेहरा असा उजळला, दोन्ही कॅमेऱ्यांत कार्डं घालून दिली, म्हणाला, "ताई, आधी काहीतरी स्थिर वस्तू घ्या." तिने मुळा काउंटरवर आडवा ठेवला. चक. खटाक. तुम्हाला सांगतो, मुळा काय आलाय! लालमध्ये तजेलदार, पिवळ्यात गंभीर, पण दोन्हीकडे काय भारदस्तपणा! एखाद्या जुन्या संपादकाचा वाटावा! मग म्हणाली, "आता तुम्ही. उभे राहा तिथे." उभा राहिलो. ती लाल उचलते, मी म्हणतो, "अगं, बोट तिथे नाही, वर!" चक. पिवळा उचलते, मी म्हणतो, "आधी त्याला विचार, हा डोळ्यावर आपोआप नेम धरतो की नाकावर!" खटाक. "तोंड मिटा!" "मिटतो, पण हे कार्ड दुकानाचं आहे की आपलं?" चक. "अहो, एक क्षण!" "क्षण काय, इथे मुद्दा..." खटाक. मागे गिऱ्हाइकांची रांग लागली, एक बाई दुसरीला विचारतेय, 'इथे काही प्रात्यक्षिक आहे का?'

दोन्ही कॅमेऱ्यांतला माझा एकेक फोटो तिथेच कागदावर काढून घेतला. दोन्हीत माझं तोंड असं उघडं की आतल्या खोट्या दाढा मोजून घ्या. पण म्हटलं, चेहरा सोडा, रंग बघू, धार बघू, निवाड्यापुरतं तर चालेल! तिथूनच निवा आणि कुरामोचीला कॉफीच्या दुकानात बोलावलं. समोरासमोर! दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय बातमी नाही!

फोटो टेबलावर ठेवले, मागे काही लिहिलेलं नाही. निवाने एक नजर टाकली आणि टेबलावर हात आपटला, "हा! हा आमचा! कातडी बघ! जिवंत!" कुरामोची चष्मा कपाळावर चढवून, फोटो नाकाला लावून, हळूच म्हणाला, "हा दुसरा... पिवळा. खोटं नाही यात कणभर." तुम्हाला सांगतो, मी सौ.कडे बघितलं, सौ. माझ्याकडे. म्हटलं, "दोघांनाही सांगायला खेद होतो. उलट आहे."

कॉफीवाल्याने रेडिओसुद्धा बारीक केला. मग निवा म्हणाला, "दुकानातले दिवे वाईट." कुरामोची म्हणाला, "कागद वाईट." मग दोघं एकदम म्हणाले, "तोंड वाईट!" जन्मात पहिल्यांदा त्या दोघांचं कशावर तरी एकमत झालं, आणि ते माझ्या तोंडावर! "दोमोतो, कॅमेऱ्याचा काय दोष? बोलणाऱ्या माणसाचा चेहरा कोणी धरलाय?" "माफी मागणारे बरे रे, निवा, खाली वाकून स्थिर तरी राहायचे." "आणि मध्ये याचं टक्कल यायचं!" "माझ्याही फोटोत यायचं!" आणि हसतायत! खांद्यावर हात ठेवून! इतक्या वर्षांचं वैर माझ्या टकलावर मिटलं!

तेव्हा सौ.ने पर्स उघडली आणि तिसरा फोटो टेबलावर ठेवला. खेकडा.

म्हटलं, "अगं, अजून महिना संपलेला नाही!" पण त्या दोघांचं हसू थांबलं. निवाने फोटो उचलला, खिडकीशी नेला, परत आणला. म्हणाला, आणि भोंगा नव्हे बरं का, हळू म्हणाला, "वहिनी, हा कोणी काढला? डोळ्यांतला उजेड बघ, कुरामोची." कुरामोची म्हणाला, "लेन्स मोठी असणार. पिवळा." "लाल!" "पिवळा!" सौ. म्हणाली, "मी काढला. स्टेशनवर मिळायचा ना, कागदी खोक्याचा कॅमेरा, फिल्म संपली की तसाच देऊन टाकायचा, तो."

दोघंही कॉफी प्यायले. मी म्हटलं, "बरं, उजेड असेल! पण तंगडी? टॉवेल? सूट चढवतील, पण तंगडीचं काय?" निवा म्हणाला, "तोंड बघ स्वतःचं." बघितलं. अहो... मिटलेलं होतं! शांत, नजर सरळ, सुरकुत्या जागच्या जागी, मुळ्याच्या तोडीचा भारदस्तपणा! म्हटलं, "हे कसं झालं?" सौ. म्हणाली, "तोंडात खेकडा होता."

तर तुम्हाला सांगतो, गेला. खेकडा गेला, परत जाताना वाटेतच अंत्यविधीवाल्यांकडे जमा झाला. सूटसुद्धा नको म्हणाली, आहे तसा लावा. मी घरी येईपर्यंत हरकत घेत होतो, ट्राममध्ये घेतली, जिन्यात घेतली, दारात बूट काढताना म्हटलं, "हे बरोबर नाही, हात्सुए. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय बातमी नाही! माझी बाजू कोणी ऐकली का?"

तिने मुळा पिशवीतून काढला, धुवायला घेतला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "लग्न झाल्यापासून तीच ऐकतेय. तुम्ही गेल्यावर ऐकू येणार नाही. तेव्हा निदान माझ्याबरोबर जेवणारा माणूस बघू दे."

मिटलं हो! मिटलं तोंड! नजर सरळ, सुरकुत्या जागच्या जागी, हवा तस्साच चेहरा... आणि तो टिपायला घरात ना लाल, ना पिवळा!